नोंदवहीबाहेरची कारकीर्द : अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला फुटबॉल आणि सहायक प्रशिक्षकाचे पद

प्रास्ताविक

क्रीडा-इतिहासाची साधने प्रामुख्याने नोंदवह्यांच्या स्वरूपात उपलब्ध असतात. सामना, दिनांक, निकाल, गोल करणाऱ्या खेळाडूचे नाव आणि प्रशिक्षकाच्या खात्यावर जमा होणारा विजय किंवा पराभव, एवढाच तपशील या नोंदवह्या जपून ठेवतात. प्रशिक्षकाचे खाते एकच असते आणि ते प्रमुख प्रशिक्षकाच्या नावाने उघडलेले असते. त्याच बाकावर शेजारी बसलेल्या सहायक प्रशिक्षकाच्या नावावर एकही विजय लिहिला जात नाही. एखाद्या व्यक्तीने एकाच संघाबरोबर चाळीस वर्षे काढली तरी अधिकृत आकडेवारीच्या दृष्टीने तिची कारकीर्द कोरीच राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. दप्तरात ज्याची नोंद नाही त्याचे अस्तित्वही पुढे विस्मरणात जाते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला फुटबॉलच्या, म्हणजे तेथील भाषेत सॉकरच्या, संदर्भात हा प्रश्न केवळ श्रेय कोणाला द्यावे एवढ्यापुरता मर्यादित राहत नाही. या खेळात सहायकपद हे स्त्रियांना प्रशिक्षणक्षेत्रात प्रवेश देणारे प्रमुख दार होते, आणि पुष्कळ स्त्रियांची वाटचाल त्याच दारात थांबली. त्यामुळे या पदाचा इतिहास हा महिला क्रीडेतील अधिकार कोणाच्या हाती गेला याचाही इतिहास ठरतो. आपल्याकडील महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण संचालक या पदाशी त्याची तुलना करण्याचा मोह टाळला पाहिजे. तेथे प्रत्येक खेळाला स्वतंत्र प्रमुख प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली त्याच खेळाचे वेतनधारी सहायक असतात. एका व्यक्तीने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व संघ सांभाळण्याची आपली व्यवस्था त्या विद्यापीठांना कल्पनेतही पेलणार नाही.

पदाची घडण

२३ जून १९७२ रोजी अमेरिकेत शिक्षणविषयक सुधारणांचा जो कायदा झाला त्याच्या नवव्या शीर्षकाने, म्हणजेच 'टायटल नाइन'ने, केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावाला मनाई केली. कायद्याच्या मूळ शब्दांत खेळाचा उल्लेख नव्हता. परंतु त्याचा सर्वांत दृश्य परिणाम क्रीडांगणावरच झाला. महिला फुटबॉलची वाढ तर थक्क करणारी आहे. ब्रुकलिन कॉलेजच्या व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर यांनी दीर्घकाळ चालविलेल्या सर्वेक्षणानुसार १९७७ मध्ये तीन टक्क्यांहूनही कमी महाविद्यालयांत महिला फुटबॉल संघ होता. २०१४ पर्यंत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले.

याच सर्वेक्षणाने दाखविलेली दुसरी बाजू मात्र उलट्या दिशेची आहे. १९७२ मध्ये महिला संघांच्या प्रमुख प्रशिक्षकांत स्त्रियांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते. २०१४ मध्ये ते ४३.४ टक्के होते. खेळाडू वाढल्या, संघ वाढले, पैसा आला आणि नेमक्या त्याच काळात नेतृत्व पुरुषांकडे गेले. याची कारणमीमांसा अवघड नाही. १९७२ पूर्वी स्त्रियांचे खेळ बहुधा स्त्रियांच्या स्वतंत्र शारीरिक शिक्षण विभागांकडे होते. पद मानाचे असले तरी वेतन नाममात्र असे किंवा नसेच. कायद्यानंतर हे विभाग पुरुषांच्या विभागांत विलीन झाले, प्रशिक्षकाला वेतन मिळू लागले आणि पद आकर्षक होताच पुरुष उमेदवार पुढे आले. फुटबॉलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ज्यांनी महाविद्यालयीन पातळीवर हा खेळ खेळला आहे अशा स्त्रियांची पिढी १९७० च्या दशकात अस्तित्वातच नव्हती. खेळ जाणणारे पुरुषच होते, म्हणून संघ त्यांच्या हाती गेले. पहिल्या पिढीतील खेळाडू पदवीधर झाल्या तेव्हा प्रमुखपदे भरलेली होती आणि सहायकाची जागा रिकामी होती. सहायक प्रशिक्षकांत स्त्रियांचे प्रमाण पुढे निम्म्याहून अधिक राहिले, ते या क्रमाचा विचार करता स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

एकाच बाकावरील चार दशके

या काळातील सर्वांत यशस्वी संघ नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा होय. चॅपेल हिल येथील या विद्यापीठात १९७९ मध्ये महिला संघ उभा राहिला आणि त्याची जबाबदारी पुरुष संघाचे प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स यांच्याकडेच सोपविण्यात आली. डोरन्स यांच्या शेजारी १९८० पासून बिल पॅलाडिनो हे सहायक म्हणून रुजू झाले. तेही याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. २०१९ च्या हंगामापर्यंत, सुमारे चार दशके, ते त्याच बाकावर राहिले. १९८१ मधील महिलांच्या स्वतंत्र क्रीडा-संघटनेचे विजेतेपद आणि १९८२ ते २०१२ या काळातील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, म्हणजे 'एनसीएए'ची, २१ विजेतेपदे अशी एकूण २२ राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या कार्यकाळात संघाने मिळविली. यांपैकी एकही त्यांच्या खात्यावर नाही.

डोरन्स यांची थोरवी वादातीत आहे. महिला संघाचे ९३४ विजय त्यांच्या नावावर आहेत. तथापि १९८० च्या दशकातील त्यांच्या जबाबदाऱ्यांचा हिशेब मांडला की सहायकाच्या कामाचे खरे आकारमान लक्षात येते. १९८८ पर्यंत ते पुरुष संघाचेही प्रशिक्षक होते. १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९९४ पर्यंत राहिली. म्हणजे काही हंगाम एकच माणूस दोन विद्यापीठीय संघांचा आणि एका राष्ट्रीय संघाचा प्रमुख होता. नेमक्या याच काळात, १९८६ ते १९९४, नॉर्थ कॅरोलिनाच्या महिला संघाने सलग नऊ वेळा विजेतेपद पटकावले. एका माणसाला एका वेळी एकाच ठिकाणी असता येते, हे साधे सत्य लक्षात घेतले तर या नऊ वर्षांतील रोजच्या सरावाचा, खेळाडूंच्या निवडीचा आणि त्यांच्या विचारपुशीचा भार कोणी वाहिला असेल हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९९१ चा नोव्हेंबर महिना या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगा आहे. महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १६ ते ३० नोव्हेंबर या काळात चीनमध्ये झाली. अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ असे हरविले. डोरन्स राष्ट्रीय संघाबरोबर तेथे होते. महाविद्यालयीन स्पर्धेचा निर्णायक टप्पाही त्याच महिन्यातला. नॉर्थ कॅरोलिनाने अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनचा ३-१ असा पराभव करून आपले विजेतेपद राखले. विजेत्यांच्या यादीत १९९१ या सालापुढे प्रशिक्षक म्हणून डोरन्स यांचेच नाव छापलेले आढळते. यात कोणी कोणावर अन्याय केला असे म्हणण्याचे कारण नाही. नोंदीची रीतच तशी आहे. परंतु त्या रीतीवर विसंबून लिहिलेला इतिहास हजारो मैल दूर असलेल्या माणसाला मैदानाच्या कडेला उभा करतो, आणि जी माणसे प्रत्यक्ष तेथे उभी होती त्यांना पुसून टाकतो.

पॅलाडिनो यांनी प्रमुखपदाच्या शोधात अन्यत्र जाणे पसंत केले नाही. अमेरिकी व्यावसायिक संस्कृतीत, जेथे वर न जाणे म्हणजे मागे पडणे असे मानले जाते, तेथे ही निवड अपवादात्मक वाटते. अशी निवड परवडण्यासाठी स्थिर वेतन, जवळचा सहकारी आणि सातत्याने जिंकणारा संघ लागतो. ही तिन्ही एकत्र मिळण्याचे भाग्य फारच थोड्या सहायकांच्या वाट्याला आले.

जिना आणि छत

पॅलाडिनो सहायक असताना डोरन्स यांच्या संघातून खेळलेल्या दोन खेळाडूंच्या कारकिर्दी याच्याशी ताडून पाहण्यासारख्या आहेत. लॉरेन ग्रेग यांनी १९८६ ते १९९५ या काळात व्हर्जिनिया विद्यापीठाच्या महिला संघाचे प्रमुखपद सांभाळले. १९९० मध्ये राष्ट्रीय पातळीवरील सर्वोत्तम प्रशिक्षक हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि १९९१ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. स्त्री प्रशिक्षकाच्या नेतृत्वाखाली असे प्रथमच घडत होते. महाविद्यालयात प्रमुख असलेल्या ग्रेग राष्ट्रीय संघात मात्र १९८९ पासून सहायक होत्या, प्रथम डोरन्स यांच्या आणि पुढे टोनी डिचिको यांच्या.

१० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर झालेला अमेरिका-चीन अंतिम सामना पेनल्टी किकवर ५-४ असा सुटला आणि ब्रँडी चॅस्टेन यांचा निर्णायक गोल जगभर गाजला. ती किक कोणी, कितव्या क्रमांकावर मारायची याची यादी तयार करण्याचे काम ग्रेग यांच्याकडे होते. अंतिम निर्णय डिचिको यांचा. सहायकाच्या कामाचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही. महिनोन्‌महिने प्रत्येक खेळाडूची किक पाहायची, कोणाचा पाय कोणत्या दिशेला वळतो आणि दडपणाखाली कोण डगमगते याची टिपणे ठेवायची, आणि अखेरीस एका कागदावर पाच नावे लिहून तो कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

डिचिको पायउतार झाल्यावर २००० च्या प्रारंभी हंगामी प्रमुख म्हणून ग्रेग यांची नियुक्ती झाली. त्याच सुमारास वेतनाच्या प्रश्नावरून अनुभवी खेळाडूंनी ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर बहिष्कार टाकला आणि ग्रेग यांना नवोदितांचा संघ घेऊन जावे लागले. तो संघ जिंकून परतला. कायमचे पद मात्र एप्रिल हाइनरिक्स यांना मिळाले. राष्ट्रीय महिला संघाच्या त्या पहिल्या पूर्णवेळ स्त्री प्रमुख. हाइनरिक्स या कर्तृत्ववान होत्याच, तेव्हा निवड चुकीची होती असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. दशकभराचा सहायकपणा हा निवड समित्यांच्या लेखी अनुभव असतोही आणि नसतोही. पद भरावयाची वेळ येते तेव्हा 'तुमच्या नावावर काय आहे?' हा प्रश्न विचारला जातो, आणि सहायकाच्या नावावर नियमानेच काही नसते.

हाइनरिक्स या १९८३ ते १९८६ या काळात नॉर्थ कॅरोलिनाकडून खेळल्या. मेरिलँड विद्यापीठात आणि १९९६ पासून व्हर्जिनियात, ग्रेग यांच्या पाठोपाठ, त्या प्रमुख झाल्या. दोन्ही ठिकाणी त्यांच्या हाताखाली जिल एलिस सहायक होत्या. एलिस यांची वाटचाल हा सहायकपदाचा जिना म्हणून झालेला सर्वांत यशस्वी उपयोग होय. इंग्लंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या एलिस १९८१ मध्ये कुटुंबासह व्हर्जिनियात आल्या. त्यांचे वडील जॉन एलिस हे स्वतः फुटबॉल प्रशिक्षक होते. तरीही मुलीला संघात खेळण्याची संधी मिळाली ती अमेरिकेत आल्यावर. विल्यम अँड मेरी महाविद्यालयातून खेळून त्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात सहायक झाल्या. १९८८ मध्ये त्या संघाने अंतिम फेरी गाठली, पण शेजारच्या चॅपेल हिलच्या संघाकडून १-४ असा पराभव स्वीकारला. मधल्या काळात एलिस यांनी तांत्रिक लेखनाची नोकरी केली. प्रशिक्षण हा चरितार्थाचा भरवशाचा मार्ग नव्हता याची ही बोलकी साक्ष आहे. ती नोकरी सोडून त्या मेरिलँडला आणि तेथून व्हर्जिनियाला गेल्या. १९९७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या संघाच्या प्रमुख झाल्या आणि १९९९ ते २०१० या काळात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे 'यूसीएलए'चा, संघ त्यांनी घडविला. राष्ट्रीय संघात त्या पुन्हा सहायकाच्या खुर्चीत बसल्या. २०१४ मध्ये प्रमुखपद मिळाल्यावर २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक त्यांनी जिंकले.

या नावांकडे शिष्यपरंपरा म्हणून पाहता येते. ग्रेग यांच्या व्हर्जिनिया संघातून १९८८ ते १९९१ या वर्षांत खेळलेल्या अमांडा क्रॉमवेल यांनी २०१३ मध्ये प्रमुख प्रशिक्षक या नात्याने यूसीएलएला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. परंतु परंपरेची ही रेषा जितकी देखणी दिसते तितकीच ती अरुंद आहे. १९८२ ते २०२४ या ४३ स्पर्धांत स्त्री प्रमुख असलेल्या संघाने विजेतेपद मिळविल्याची उदाहरणे चारच आहेत : १९९८ मध्ये फ्लोरिडाच्या बेकी बर्ली, २०१३ मध्ये क्रॉमवेल, २०१५ मध्ये पेन स्टेटच्या एरिका डॅमबाक आणि २०२२ मध्ये यूसीएलएच्या मार्गरीट आओझासा. पहिल्या सोळा वर्षांत एकही नाही.

काम आणि मोबदला

सहायकाच्या कामाचा मोठा भाग मैदानापासून दूर चालतो. शाळकरी खेळाडूंचे क्लब सामने पाहण्यासाठी शनिवार-रविवारचे प्रवास, पालकांशी बोलणी, प्रतिस्पर्धी संघांच्या चित्रफितींचा अभ्यास, गोलरक्षकांचा स्वतंत्र सराव, खेळाडूंच्या परीक्षा आणि दुखापती. महिला फुटबॉलसाठी 'एनसीएए'च्या पहिल्या श्रेणीत दीर्घकाळ १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. संघात त्याच्या दुपटीच्या आसपास खेळाडू असत, त्यामुळे त्या तुकड्यातुकड्यांनी वाटाव्या लागत. कोणत्या मुलीला किती तुकडा द्यायचा याची गणिते मांडण्याचे नाजूक काम बहुधा सहायकाच्याच टेबलावर येई. खेळाडू भरतीची घाई तर इतकी वाढली की आठवी-नववीतील मुलींकडूनही तोंडी होकार घेतले जाऊ लागले. २०१९ मध्ये नियम बदलून दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी खेळाडूशी संपर्क साधण्यास मनाई झाली, तेव्हा या धावपळीला काहीसा लगाम बसला.

या श्रमाचे मोल संघटनेच्या लेखी काय होते याची कल्पना एका खटल्यावरून येते. १९९१ मध्ये 'एनसीएए'ने खर्चकपातीच्या नावाखाली कनिष्ठ सहायकांचा एक वर्ग ठरवून त्यांच्या वेतनावर शैक्षणिक वर्षासाठी १२ हजार आणि उन्हाळ्यासाठी ४ हजार डॉलर अशी कमाल मर्यादा घातली. पुरुष बास्केटबॉलमधील सहायकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. स्पर्धाविरोधी संगनमत म्हणून न्यायालयाने हा नियम अवैध ठरविला, १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड झाली. निकाल सहायकांच्या बाजूने लागला तरी बिनपगारी 'स्वयंसेवक प्रशिक्षक' हा वर्ग अनेक खेळांत पुढेही चालू राहिला. तो रद्द होण्यास जुलै २०२३ उजाडावा लागला. बिनपगारी वर्ष काढणे कोणाला परवडते, हा प्रश्न या संदर्भात फारसा विचारला गेलेला दिसत नाही. ज्यांच्या पाठीशी घरचा पैसा आहे किंवा ज्यांच्यावर घरची जबाबदारी नाही, त्यांनाच पहिली पायरी चढता येते. आणि पहिल्या पायरीवर जी गाळणी बसते तिचे परिणाम वीस वर्षांनी प्रमुखांच्या यादीत दिसतात.

२०१९ आणि त्यानंतर

८ डिसेंबर २०१९ रोजी सॅन होजे येथे झालेल्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना आणि स्टॅनफर्ड यांच्यात एकही गोल झाला नाही. पेनल्टी किकवर स्टॅनफर्डने ५-४ अशी बाजी मारली. त्या दिवशी एका बाकावर पॅलाडिनो होते. त्यांचा तो शेवटचा हंगाम. दुसऱ्या बाकावर स्टॅनफर्डच्या सहायक मार्गरीट आओझासा होत्या. २०२२ च्या हंगामासाठी यूसीएलएने त्यांना प्रमुख नेमले आणि पहिल्याच वर्षी, अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून, जादा वेळेत ३-२ असा विजय त्यांच्या संघाने मिळविला.

डोरन्स ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम सुरू होण्यास अवघे काही दिवस उरले असताना, निवृत्त झाले. हंगामी प्रमुख म्हणून डेमन नाहास यांच्याकडे सूत्रे आली. युवा क्लबांच्या प्रशिक्षणातून पुढे आलेले नाहास २०१५ पासून त्याच बाकावर सहायक होते. नव्या माणसाचा शोध घेण्यास वेळ नव्हता म्हणूनच ही संधी त्यांना मिळाली असे म्हटले तरी चालेल. ९ डिसेंबर २०२४ रोजी केरी येथे त्यांच्या संघाने वेक फॉरेस्टला १-० असे नमवून २०१२ नंतरचे पहिले विजेतेपद विद्यापीठाला मिळवून दिले. त्याच महिन्यात त्यांच्या पदामागचा 'हंगामी' हा शब्द काढून टाकण्यात आला. त्या एका हंगामातील सर्व विजय त्यांच्या नावावर आहेत. त्याआधीच्या नऊ वर्षांतले डोरन्स यांच्या.